मामाच्या गावाला पाठवलेला बोकड

मार्थाबाईंचा फोन आला तेव्हा मी चिंच फोडत बसले होते. हात चिकट झालेले, म्हणून नातीनं फोन उचलून माझ्या कानाला लावला. "बाई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी, साठी उलटलेली, जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, विचारते काय तर "कोण?" त्यावर जराही न रागावता त्या म्हणाल्या, "तुमचे शांतवनभाऊ. सकाळी म्हशीला घास टाकाया गेले, खाली बसले, ते उठलेच न्हाई." तुमचे शांतवनभाऊ... आठ वर्षं मी त्या माणसाच्या बांधावर पाय ठेवला नव्हता, आणि तरी त्यांच्या बायकोच्या तोंडी ते अजून माझे होते. चिंच तशीच टाकून मी श्रीरामपूरहून बेलापूरला गेले. मातीला वेळेवर पोचले. ते जिवंत असताना मात्र गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको.

पाटाच्या कडेला त्यांची चार एकर जमीन. थोडा ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी, सात-आठ शेळ्या, कोंबड्या. रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चला जायचे, बाकी सहा दिवस पोटऱ्यांपर्यंत चिखल. बोलणं मोजकं, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय, मग समोर तलाठी असो की पाच वर्षांचं पोर. मी वर्षाचे कांदे त्यांच्याकडून घ्यायची. एका उन्हाळ्यात बरोबर वर्गातली दोन मुलं होती. मी कांदे निवडत होते तोवर ती म्हशीपाशी गेली ती तिथून हलेनातच. मी सहज म्हटलं, "भाऊ, सुट्टीत आणखी मुलं आणली तर चालतील का? जरा शेत बघतील." ते म्हणाले, "आना की. पन कामाला आना बाई, बघाया न्हाई." आमचं उन्हाळी शिबिर सुरू झालं ते या एवढ्या बोलण्यावर. ना पत्रक, ना उद्घाटन.

सकाळी सातला मुलांचा टेम्पो पोचायचा, साडेअकराला परत निघायचा. पहिल्याच दिवशी भाऊ प्रत्येकाला काही ना काही सोपवायचे... कुणाला वांग्याचा वाफा, कुणाला रेडकू, कुणाला अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. त्याचं पाणी, चारा, साफसफाई सगळं त्या पोरानं करायचं. एप्रिलमध्ये कांदा साठवणीच्या चाळीत भरायची घाई असायची, तेव्हा मुलं घोळका करून गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी काढत बसायची. दहाला भाकरी, ठेचा आणि ताक. घरी दुधाचा पेला बघून तोंड वाकडं करणारी पोरं तिथं दुसऱ्यांदा ताक मागायची. आया मला फोन करायच्या, "बाई, झोपाळा नाहीये का? उन्हात किती वेळ असतात? फोटो टाका ना." मी ते सगळं भाऊंना ऐकवायची. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि दारं मोडायला निघून जायचे, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडायला. माझा असा संताप व्हायचा! या माणसाला पालक म्हणजे काय चीज असते ते माहीतच नाही, असं मी मार्थाबाईंना म्हणायची, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांची एक पद्धत होती. कामाला लागण्याआधी सगळ्या मुलांना कडुलिंबाखाली बसवायचं आणि कालपासून शेतावर काय काय झालं ते सांगायचं. मुलं भाऊंना दादा म्हणायची आणि त्यांच्या या सांगण्याला "बातम्या". काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली. तिकडच्या वाफ्यात मर लागली, रोपं उपटावी लागली. मुंगसानं कोंबडीची तीन पिल्लं नेली... अशा वेळी एखादं पोर मुसमुसायला लागायचं. भाऊ त्याला "रडू नको" म्हणायचे नाहीत. रडणं संपेपर्यंत थांबायचे आणि मग पुढची बातमी. पहिल्या वर्षी मला हे फार कठोर वाटलं. "अहो, लहान आहेत ती. एखादी गोष्ट गाळली तर काय बिघडतं?" असं मी विचारलंही होतं. ते म्हणाले, "बाई, पोरगं रोज त्या पिल्लांना दाना टाकतंय. त्याला पिल्लं झाकायची पाटी मोकळी दिसनारच हाय. आपन न्हाई सांगितलं तर उद्या आपन सांगू ते कशाला खरं मानंल?" मला ते पटलं नाही. सहा उन्हाळे असेच गेले. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले उन्हाळे होते, हे मला तेव्हा कळलं असतं तर!

सातव्या उन्हाळ्यात इरा आली. आठ वर्षांची, चष्मा, भयंकर चौकस. भाऊंनी तिला एक तांबूस बोकड सोपवला. तिनं त्याचं नाव ठेवलं लाडू. शाळेत वर्गशिक्षिकेला गुड मॉर्निंग म्हणायला लाजणारी ही मुलगी टेम्पोतून उडी मारून "लाडूऽऽ" करत गोठ्याकडे पळायची. घरून गाजराच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या पिशवीत भरून आणायची. आणि शिबिराचे चार दिवस उरले असताना भाऊंनी तो बोकड आठवडे बाजारात विकला. का विकला? विकायचाच होता म्हणून. ते शेत होतं, चालतं शेत, आणि बोकड पाळतात ते कशासाठी हे गावात सांगावं लागत नाही. मी सकाळी टेम्पोबरोबर पोचले तेव्हा दावणीचा खुंटा मोकळा. भाऊ लिंबाखाली जाऊन उभे राहिलेले. मी धावत गेले आणि म्हटलं, "आज हे सांगू नका. तुम्हाला माझी शपथ आहे." ते काही बोलायच्या आत इरा गोठ्यातून ओरडली, "दादा, लाडू कुठंय?" आणि भाऊंच्या आधी मी बोलले. सगळ्या मुलांसमोर हसून, टाळी वाजवून म्हटलं, "अगं, सुट्टी लागली ना! लाडू त्याच्या मामाच्या गावाला गेला." मुलं हसली. इरा हसली नाही. भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या दिवशी बातम्या न सांगता ते दुधाची किटली घेऊन घरात गेले.

साडेअकराला टेम्पो निघाल्यावर आमचं वाजलं. "बाई, हे बरं न्हाई केलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग काय सांगायचं होतं? खाटकानं नेला म्हणून?" "इकला म्हनून सांगायचं. तिनं ईचारलं असतं तर पुढचंबी सांगायचं." माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. तुम्हाला लेकरं नाहीत म्हणून तुम्हाला कळत नाही, इथपर्यंत मी गेले. हो, हेसुद्धा बोलले. मार्थाबाई ओसरीवरच होत्या. ते वाक्य आजही आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

दोन दिवसांनी इरा यायची बंद झाली. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन. मुलगी जेवत नाही, बोकड कापायला विकला हे तिला कळलंय, तुम्ही लोक एवढ्याशा पोरांना काय काय सांगता? माझं डोकंच फिरलं. दुसरं कोण सांगणार? खरं बोलायची हौस त्यांनाच! मी तिथल्या तिथं भाऊंना फोन लावला. "तुम्ही सांगितलंत ना इराला?" ते म्हणाले, "मी न्हाई सांगितलं, बाई." आणि मी त्या माणसाला म्हणाले, "खोटं बोलू नका."

ते म्हणाले, "बरं." फोन ठेवला त्यांनी. मी शिबिराचे उरलेले दिवस रद्द केले, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून श्रीरामपुरातल्या एका हॉलमध्ये, कूलर लावून, कागदकामाचं शिबिर घ्यायला लागले. पालक खूश. मुलं ओरिगामीचे बगळे घेऊन घरी जायची. कांदे मी दुसरीकडून घ्यायला लागले, ते आषाढातच सडायचे, पण माझा हट्ट म्हणजे हट्ट.

मधे एकदा ते भेटले होते. तीन वर्षांपूर्वी, श्रीरामपुरात, बियाण्याच्या दुकानासमोर. केस पांढरे झालेले, वाकलेले थोडे. मी तोंड फिरवून जाणार तोच त्यांनी हाक मारली. "बाई, यंदा पोरं आनता का? वाफे पाडून ठेवतो." मध्ये काही झालंच नाही असा आवाज. माझ्या मनात आलं होतं, खरंच सांगते, हो म्हणावं... पण तोंडून निघालं, "बघू." ते मान हलवून म्हणाले, "बघा, बघा." मार्थाबाईंनी मातीच्या दिवशी सांगितलं की त्यांनी त्या उन्हाळ्यात खरोखरच बावीस वाफे पाडून ठेवले होते. मे संपल्यावर त्यात मेथी टाकली.

भाऊंना जाऊन महिना झाला असेल, एक उंच मुलगी दारात उभी. चष्म्यावरून ओळखलं. इरा. अकरावीत आहे. दादा गेल्याचं तिला उशिरा कळलं, बेलापूरला मार्थाबाईंना भेटून ती माझ्याकडे आली होती. मी चहा टाकला. नात पाटावर बसून चित्र रंगवत होती. न राहवून मी म्हटलं, "दादांनी तुला तेव्हा लाडूचं सांगायला नको होतं गं. तुझ्यामुळे आमचं बिनसलं ते कायमचं." इरा माझ्याकडे बघतच राहिली.

"दादांनी? दादांनी नाही सांगितलं. त्याच दिवशी परत येताना टेम्पोवाल्या काकांनी सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, खाटकानंच नेला. मला वाटलं, काका चेष्टा करतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी दादांना गाठलं. म्हटलं, ते कधी खोटं बोलत नाहीत, ते सांगतील तेच खरं. विचारलं, दादा, लाडू खरंच मामाच्या गावाला गेला का?"

"मग?"

"ते किती तरी वेळ घमेलं हातात धरून उभेच. मग म्हणाले, 'बाई म्हनल्या ना? मंग गेला.' पण माझ्याकडे बघून नाही म्हणाले, बाई. घमेल्याकडे बघून म्हणाले. तेव्हा मला कळलं की काका खरं सांगत होते." ती पुढे म्हणाली, "मी बोकडासाठी नाही हो यायची थांबले. दादा खोटं बोलले म्हणून थांबले. घरी हे कुणाला सांगता येईना. मग बोकडाचंच निमित्त सांगितलं."

चहा उतू गेला. गॅस इरानंच बंद केला. मुलांसमोर माझा शब्द पडू नये म्हणून तो माणूस आयुष्यात एकदा खोटं बोलला, आणि त्याच आठवड्यात मी त्याला फोनवरून खोटारडा ठरवलं. तेव्हा एका वाक्यात ते मला गप्प करू शकले असते. तुमच्यापायी पोरीशी खोटं बोललो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. म्हणाले काय, तर "बरं."

मी रडत होते. नातीनं रंगाचा खडू खाली ठेवला आणि विचारलं, "आजी, ते दादा कुठे गेले?" फिरायला गेलेत, लांब गेलेत, देवाघरी मजेत आहेत... लहान मुलांना सांगायचं ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. इरा माझ्याकडे बघत होती.

"मेले ते, बाळा," मी म्हटलं. "काही चूक नसताना आजी त्यांच्यावर रागावली होती."

"मग सॉरी म्हण ना."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "आता नाही म्हणता येत."