आईचा मांडव उत्तरेला

लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये, हे माझ्या आईच्या हाडीमासी भिनलेलं. वडील गेल्यावर ती आमच्याकडे सिंगापूरला आली तीच मुळी अट घालून: घरामागे माती आहे ना, मग तिथे मी भाजी पिकवीन आणि माझं खाणं फेडीन. मरीन परेडच्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा होती. पण साताऱ्याचं घर सोडलेलं; परत जायचं तर मामाकडे, आणि मामीने आईला देऊ केलेल्या खोलीत आधीच वॉशिंग मशीन नेऊन ठेवलं होतं.

तिच्या इथे राहण्याच्या पासची मुदत मेअखेर संपायची होती. ती वाढवायची की नाही हे माझ्या नवऱ्याच्या हातात, अर्ज त्याच्या नावाने जायचा. त्याने गोड हसून सांगितलं, "आई, बाग फुलली की पास वाढवून घेऊ. नाही फुलली तर समजायचं, इथलं हवापाणी तुम्हाला मानवत नाही." माझा नवरा चिडला तर परवडायचं, हसला की मी सावध व्हायचे.

फेब्रुवारीत आईने आखणी केली. सुतळी ताणली, रांगोळीने रेघा ओढल्या. उत्तरेच्या कुंपणाला कारल्याचा मांडव, म्हणजे त्याची सावली कुंपणाबाहेर पडेल. त्याच्या पायाशी मोकळ्या उन्हात मेथी आणि कोथिंबीर. दक्षिणेला वांगी, मिरच्या. साताऱ्याच्या परसात तिने जन्मभर असंच लावलं होतं. नवरा कॉफीचा मग घेऊन दारात उभा. "वा, आई! इंजिनिअरलाही जमणार नाही असा प्लॅन." वर मांडवाचे बांबूही त्यानेच रोवून दिले. मला वाटलं, सुधारला.

मार्चमध्ये मेथी तरारून आली. ती उपटून पुन्हा पेरली, ती मात्र एप्रिलमध्ये पिवळी पडून आडवी झाली. मांडवाची सावली भर दुपारी तिच्यावरच. आई खत घाली, माती उकरी, नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळी. मी सकाळी बस पकडून ऑफिसला जाणारी. घरामागे ऊन कुठून येतं हे बघायला मला सवड कुठली?

मेमध्ये एका रविवारी नवऱ्याने ऑफिसातली मराठी मंडळी जेवायला बोलावली आणि सगळ्यांना मागच्या दाराशी नेलं. "बघा आमची साताऱ्याची शेती! अरे, विषुववृत्त आहे इथे. एप्रिलपासून सूर्य उत्तरेकडून जातो. आईंनी मांडव बरोब्बर उन्हाच्या वाटेत घातला. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

मंडळी पोट धरून हसली.

"मग सांगितलं का नाही, जावईबापू?" आईने विचारलं.

"गंमत बघत होतो, आई. चिडू नका, पास वाढवतो मी."

"नको."

मांडवाला कारली मात्र लगडली होती. त्या दिवसापासून आई रोज एक कारलं तोडायची, बिनमिठाचं उकडायची आणि तेवढंच खायची. भात नको, पोळी नको, आमच्या घरचं मीठसुद्धा नको. नवरा आधी म्हणाला, चार दिवसांची नाटकं. मग समोर ते फिकट कारलं बघून तो ताट अर्धवट टाकून उठायला लागला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी आईला पेला उचलायला दोन्ही हात लागले. तेव्हा माझा जीव तुटला. मी गरम भाकरी थापली, वर तूप घातलं आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. नवरा समोरच बसला होता.

"खा गं आई. माझ्या पगाराचं पीठ आहे, त्याचं नाही."

"पगार तुझा," आई म्हणाली. "घर कोणाचं?"

माझंही आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि सवयीने आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. आईने ताट बाजूला सारलं.