भाऊंची थंडी

"खोटं हाय," भाऊ म्हणायचे, आणि चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून टीव्हीकडे पाठ करून बसायचे.

वडसा स्टेशनाजवळच्या टपरीवर टीव्ही दिवसभर चालू असतो. सिनेमात बर्फ दिसलं की आम्ही पडदा सोडून भाऊंकडे बघायचो. "थंडीनं मरून राह्यला म्हणते, अन् तोंडातली वाफ कुठी हाय?" नायकाने ओल्या फांद्या पेटवल्या की त्यांचा जीव कळवळायचा. "एका काडीत? माह्या घरची चूल पेटवून दाखव म्हणा त्याले!" नायिका पातळ साडीत बर्फावर गाणं म्हणायला लागली, तर वळून पडद्यावरच्या तिच्या नाकावर बोट ठेवायचे. "पाहा, एक थेंब नाई." असा माणूस शेजारी घेऊन तुम्ही सिनेमा पाहिला असेल, तर आमचे हाल तुम्हाला सांगायला नकोत.

भाऊ आमच्या नाटक कंपनीतले जुने नट. मी ऑर्गन वाजवायचो. दिवाळीनंतर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की पाहुणे आले, नाटक आलं. भाऊंचा एक प्रवेश सगळ्या मुलखात ठाऊक होता. सुनेने घराबाहेर काढलेला म्हातारा गावाच्या वेशीवर थंडीने कुडकुडत मरतो. काय कुडकुडायचे! दातांचा आवाज माझ्या ऑर्गनवर मात करायचा. समोर बाया पदराला डोळे पुसायच्या आणि एखादी न राहवून उठायची, थेट स्टेजवर येऊन आपली चादर त्यांच्या अंगावर घालून जायची. एकीचं बघून दुसरी. मरता मरता भाऊ चादरींखाली दिसेनासे व्हायचे. त्या सगळ्या चादरी ते पडदे ओढणाऱ्यांना वाटून टाकायचे.

"हे बी खोटंच हाय," ते मला म्हणायचे. "पण लोकायले कुडकुडणंच पाह्यजे."

मग खरं काय, हे मी विचारलं नव्हतं. एकदा कंपनीच्या गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ देवाजी शेतावर धानाच्या पुंजण्यांची, कापून रचलेल्या ढिगांची, राखण करायला गेला होता. ऐन पौषात अवकाळी पाऊस झाला. सकाळी तो पुंजण्याशेजारी मेलेला सापडला. उघडा. सदरा एकीकडे, घोंगडी एकीकडे. गावाने लगेच निकाल दिला, मोहाची ढोसून पडला असेल. शुद्धीतला माणूस थंडीत कपडे काढतो का? देवाजी दारूला शिवत नव्हता. पण गावापुढे आईचं काही चाललं नाही. हळूहळू तिलाही ते खरं वाटलं, आणि तिने त्याचं नाव घेणं सोडलं.

"पोरगा गेला त्याचं दुःख करू दिलं असतं, तरी चाललं असतं," भाऊ म्हणाले. "तिले लाजच करा लागली."

पुढे एका दुपारी टपरीवर परदेशी सिनेमा लागला होता, हिंदीत बोलणारा. डोंगरावर वादळात सापडलेला माणूस गारठून गारठून शेवटी हसायला लागतो आणि अंगातला कोट काढून फेकतो. टपरीवर हशा पिकला. "येडाच हाय का बे!" आम्ही भाऊंच्या 'खोटं हाय'ची वाट बघत होतो.

भाऊंनी ग्लास खाली ठेवला. "असाच पडून होता देवाजी," ते म्हणाले.

ते तसेच उठून डॉक्टरांकडे गेले. मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, होतं असं. फार गारठलेल्या माणसाला शेवटी उकडल्यासारखं वाटतं, तो कपडे काढतो. "अन् दारू?" भाऊंनी विचारलं. दारूची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊंनी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

धावत गावी गेले आणि परत आले ते तोंड पाडून. आईने सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग ती म्हणाली होती, "डाक्तरानं तुह्या मनासारखं सांगतलं असन. अन् सिनेमातलं कधीपासून खरं झालं? जलमभर तूच त म्हणतस, खोटं हाय." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

त्या साली त्यांच्याच गावच्या मंडईत आमचं नाटक होतं. आई पुढेच बसली होती. प्रवेश आला. भाऊ थोडा वेळ कुडकुडले आणि थांबले. एकदम शांत झाले. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं. "गरम होऊन राह्यलं बाप्पा," असं पुटपुटत त्यांनी घोंगडी बाजूला केली, सदरा काढला आणि आडवे झाले. माझे हात ऑर्गनवर तसेच राहिले. कोणी रडेना, कोणी चादर घेऊन उठेना. मागून आवाज आला, "बुढा टाइट हाय रे!" शिट्ट्या वाजल्या.

तेव्हा आई उठली. कुणाच्या तरी आधाराने स्टेजवर चढली, खांद्यावरची चादर भाऊंच्या अंगावर घातली आणि लोकांकडे वळली.

"पेला नाई तो," ती म्हणाली. "माहा देवाजी पेत नोता. थंडीनं मेला माहा देवाजी."

शिट्ट्या थांबल्या. चादरीखाली मेलेला म्हातारा हुंदके देत होता, आणि ते कुणालाच खोटं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकाने भाऊंना फैलावर घेतलं. पुढच्या गावी भाऊ पुन्हा दात वाजवत मेले. "एकदाच पाह्यजे होतं," मला म्हणाले. आईची चादर मात्र त्यांनी कुणाला दिली नाही.

गेल्या मे महिन्यात भाऊ गेले. ताप आला आणि उतरलाच नाही. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, अंगणात पाय ठेववत नव्हता. तिरडी उचलणार, तेवढ्यात आई घरातून ती चादर घेऊन आली.

"माय, उन्हाळा हाय," कोणीतरी म्हणालं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली, आणि चादर तिने भाऊंच्या पायांपर्यंत नीट ओढली.