हातचे पाच अंश

आमच्या ताईंना कुणाचं कण्हणं ऐकवत नाही, आणि हा त्यांचा मोठा गुण आहे असं मी नऊ वर्षं ज्याला त्याला सांगत आले. आता माझ्याच तोंडाचा मला राग येतो.

ताई म्हणजे काही माझी बहीण नव्हे. एका इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. आत त्यांची मालिशची खाट, बाहेर माझं व्यायामाचं सामान: रबरी पट्टे, भिंतीतल्या कड्या आणि एक जन्मभर कुरकुरणारी सायकल. ताई आधी नुसती मालिश करायच्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी फिजिओथेरपीचा कोर्स केला, मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून परीक्षा दिली. त्यांच्या हाताला गुण असा की आखडलेली मान घेऊन आलेला माणूस दहा मिनिटांत घोरायला लागायचा आणि मला बाहेर रेडिओ बंद करावा लागायचा.

गुडघा किती वाकतो ते आम्ही दर आठवड्याला मोजतो आणि कार्डावर लिहितो. पाय सरळ म्हणजे शून्य, खुर्चीत नीट बसलं की नव्वद. पेशंट खचलेला दिसला की ताई पाच अंश वाढवून लिहायच्या. "हातचे पाच," म्हणायच्या. "आज दिले, पुढच्या आठवड्यात खरे करून घेते." आणि खरंच करून घ्यायच्या! माणूस आकडा बघून हुरूप धरायचा, घरी दुप्पट व्यायाम करायचा, पुढच्या खेपेला तेवढा वाकायचाही. सुरुवातीला मी नाक मुरडलं. मग सवय झाली. मग मीसुद्धा एकदोनदा दिले.

गेल्या वर्षी ड्रायव्हरकाका आले. बसवर बावीस वर्षं काढलेली. डेपोत पाय घसरून गुडघ्याची वाटी फुटली होती, ऑपरेशन झालं होतं. एवढा थोरला देह, पण गुडघ्याला हात लावला की डोळ्यांत पाणी. ताई लगेच वाकवणं थांबवून मांडीला मालिश सुरू करायच्या. काका डोळे पुसत म्हणायचे, "ताई, तुम्ही असंच तेल लावत राहा. गुडघा लाजून आपोआप वाकेल बघा." आम्ही तिघं हसायचो. ते हसणं आठवलं की आता मला कानकोंडं होतं, कारण त्या वेळी वाकवायचा होता गुडघा, हसायचं नव्हतं.

ऑपरेशन करणारे डॉक्टर दुसऱ्या गावचे. त्यांनी बजावून ठेवलं होतं: आठव्या आठवड्यापर्यंत नव्वद झाले नाहीत तर भूल देऊन गुडघा वाकवून घेऊ, त्यानंतर उशीर झाला तर आतलं चिकटलेलं सुटायला महाकठीण. दर आठवड्याला कार्डाचा फोटो त्यांना पाठवायचा. तो मी पाठवायची.

पाचव्या आठवड्यात साठ भरले, ताईंनी पासष्ट लिहिले. सहाव्यात गुडघा तसूभर हलला नाही. पण कार्डावरचा आकडा खाली कसा आणायचा? काकांची बायको दाराशीच उभी, मान उंच करून कार्ड बघत होती. ताईंनी सत्तर लिहिले. सातव्यात ऐंशी. आठव्यात मी स्वतः शेजारी उभी राहून पाहिलं, कोनमापकाचा काटा सत्तरच्या पुढे गेला नव्हता. ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नव्वद लिहिले. "होतील गं," एवढंच पुटपुटल्या.

मी फोटो काढला आणि पाठवला. डॉक्टरांचं उत्तर आलं, "छान. चालू ठेवा." मी ते काकांना मोठ्याने वाचूनही दाखवलं.

चौथ्या महिन्यात काका डेपोच्या तपासणीला गेले. बसच्या पायरीवर पाय चढेना, स्टिअरिंगखाली गुडघा मावेना. तिथल्या डॉक्टरांनी मोजला तर पंचाहत्तर. काका तसेच आमच्याकडे आले आणि ताईंचीच बाजू घेत बसले. "त्यांनी घाईत मोजला हो. तुमचं माप कसं चुकेल?"

दुसऱ्या दिवशी ताई एकट्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून आल्या. आता पुन्हा गुडघा उघडावा लागेल, तरी खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणखी काय बोलले ते ताईंनी मला सांगितलं नाही. त्यांनी फोन करून काकांना बोलावून घेतलं. मी बाहेर पळायच्या बेतात होते. "तूही थांब," त्या म्हणाल्या. थांबले.

ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कोणत्या आठवड्यात किती होते आणि किती लिहिले, सगळं. "मला तुमचं विव्हळणं सोसलं नाही. वाकवायचं ते मी वाकवलं नाही आणि वाकलं म्हणून लिहिलं. तुमची गाडी माझ्यामुळे गेली." मी म्हटलं, "काका, मला माहीत होतं. फोटो मीच पाठवले."

मला वाटलं, आता शिव्या घालतील, कार्ड तोंडावर फेकतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. काकांनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, आपलीच काही चूक कबूल करावी तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे ताई, मी तेव्हा ओरडलो नसतो, तर झालं असतं का हो?"

ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि काका मान खाली घालून म्हणाले, "ओरडायला नको होतं मी."