न जेवणारा पंच

चाँदपाशा धाराशिवच्या कोर्टात पट्टेवाले होते, पण फुटबॉलवाल्यांना ते फक्त शिट्टीवाले चाचा म्हणून ठाऊक. निजामाच्या पोलिसांत असताना हैदराबादला ते हा खेळ शिकले. पुढं संस्थान विलीन झालं, पोलिसातली नोकरी गेली आणि कोर्टातली लागली. बायको, अजीजाबी, तापाचं निमित्त होऊन गेली. एकुलती एक सकिना लोहाऱ्याला दिली. घरात मग एक खाट, एक चूल आणि रविवारची वाट बघणारा माणूस तेवढा उरला.

जिल्ह्याची लीग म्हणजे सगळा हौशी कारभार. येडशीचे रेल्वेवाले तेवढे बूट घालून खेळायचे, बाकी गावं अनवाणी. गोलाला जाळी कुठली? दोन बांबू आणि वरून ताणून बांधलेला बैलाचा कासरा. चेंडू कासऱ्यावरून गेला की खालून, यावर भांडण झालं नाही असा सामना विरळाच. आणि दर भांडणात मधोमध उभे चाँदपाशा.

रेफरीला जेवण यजमान गावानं घालायचं, अशी लीगची रीत होती. सुरुवातीला चाँदपाशाही जेवायचे. एकदा एका गावानं मटणाचा बेत केला, आणि दुपारी ते गाव हरलं. “आमचंच मीठ खाऊन आमच्यावरच शिट्टी?” असं कुणीतरी भर मैदानात ओरडलं. ते शब्द चाँदपाशांच्या वर्मी लागले. त्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं, सामना संपेपर्यंत कुणाच्या घरचा घास तोंडात घालायचा नाही. घरून भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणायचे आणि मैदानाच्या कडेला एकटेच खायचे. लोक लांबून बघायचे. कौतुक करायचे, पण शेजारी येऊन कुणी बसायचं नाही.

एका हंगामात शेवटचा सामना पडला लोहाऱ्याला, येडशीविरुद्ध. येडशीला बरोबरी पुरे होती, लोहाऱ्याला जिंकायलाच हवं होतं. लोहाऱ्याचा भरवशाचा खेळाडू मुनवर, म्हणजे चाँदपाशांचा जावई. सकिनाला नुकताच मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाईमाणूसच नव्हतं; म्हणून ती सासरीच राहिली होती. नातवाला चाँदपाशांनी अजून पाहिलं नव्हतं. पिशवीत त्याच्यासाठी इवलीशी टोपी होती. सामना झाला की आधी पोरीकडं जायचं, असं ठरवूनच ते मोटारीतून उतरले. घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर, तरीही गेले नाहीत. काय म्हणावं या माणसाला!

लिंबाखाली बसून ते भाकरीचं फडकं सोडतात तोच सकिनाची शेजारीण गजराबाई आली. हातात झाकलेलं पितळी ताट.

“पाशाभाई, सकिनानं धाडलंय. चिल्ला झाला, बाळंतपणाचं चाळीस दिस सरलं, आज पयल्यांदा चूल पेटवली पोरीनं. पयला घास अब्बानं खायचा म्हणती.”

ताटावरचं फडकं बाजूला झालं. गोड भात होता, वर खोबऱ्याचे काप. वास असा की लिंबाखाली बसलेले येडशीवाले मान वर करून बघायला लागले. चाँदपाशांनी ते बघणं पाहिलं आणि तिथंच घोटाळा झाला.

“परत न्या बाई,” ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “सामन्याआधी मी कुणाचं खात न्हाय.”

“कुणाचं? आवो, लेकीचं हाय!”

“लोहाऱ्याचं हाय.”

गजराबाईनं फडकं परत ताटावर टाकलं. ताट घेऊन आली तशी गेली. येडशीवाल्यांनी वाहवा केली. चाँदपाशांना बरंही वाटलं, खोटं कशाला सांगा.

सामना शेवटाला आला तरी गोल नव्हता. मग मुनवरनं जोरात चेंडू मारला. तो कासऱ्याला घासला, कासरा उडाला, चेंडू पलीकडं गेला. लोहाऱ्याचे लोक नाचत आत शिरले. चाँदपाशांनी हात हलवला. गोल नाही, वरून गेला. मग जे व्हायचं ते झालं. “सासऱ्यानं जावयाचा गोल खाल्ला!” अशी एकच आरोळी उठली, ढेकळं उडाली. लीगचे अध्यक्ष आण्णासाहेब वकील यांनी चाँदपाशांना कसंबसं मोटारीत कोंबलं. टोपी पिशवीतच राहिली.

पुढं बैठका झाल्या, शिव्याशाप झाले. शेवटी आण्णासाहेबांनी धाराशिवला फेरसामना ठरवला, दुसरा रेफरी आणला आणि लोहारा जिंकलं. जिंकलेल्या माणसाचा राग किती टिकतो? मुनवर स्वतः चाँदपाशांच्या घरी आला, पाया पडला, म्हणाला, “अब्बा, झालं गेलं जाऊ द्या. घरी चला.”

चाँदपाशा दुसऱ्याच दिवशी गेले. सकिनानं सलाम केला, पाय धुवायला पाणी दिलं, पोरगं मांडीवर ठेवलं. टोपी आता त्याच्या डोक्यात बसत नव्हती. ताट वाढलं, रस्सा, भाकरी, कांदा, सगळं होतं. ती समोर बसली नाही. उंबऱ्यात उभी राहिली.

“गावाला तुमचा राग न्हाय आता,” ती म्हणाली.

“आन् तुला?”

“गोलाचं मला काय करायचंय, अब्बा? तुमचे जावईच म्हणतेत, वरूनच गेला व्हता. मला म्हाईत व्हतं, माझा बाप खोटी शिट्टी मारायचा न्हाय.”

चाँदपाशांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घास मोडला.

“त्या भातात म्या मीठ टाकलं नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “गोडातबी चिमूटभर टाकतेत, अम्मीनं तसंच शिकवलंय. पर तुमचा नेम म्हाईत व्हता. म्हटलं, बिनमिठाचं करू, मग अब्बांना खाता येईल. गजराबाई ताट परत घेऊन आली तवा दारात सगळ्या बाया बसल्या व्हत्या. म्या ते शेळीला घातलं.”

चाँदपाशांच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला. मैदानावर शेकडो माणसं अंगावर आली तरी न हलणारा हा माणूस पोरीसमोर मान वर करू शकला नाही. त्यांनी ताट स्वच्छ केलं. आणखी वाढू का, असं सकिनानं विचारलं नाही, आणि मागायचं कसं ते त्यांना येत नव्हतं.

संध्याकाळच्या मोटारीला मुनवर सोडायला आला. पुढच्या हंगामाचं बोलत होता. चाँदपाशा व्हय व्हय म्हणत होते. पुढच्या हंगामात ते पुन्हा रेफरी झाले, लोहाऱ्यालाही गेले. गावानं त्यांना हार घातला. लिंबाखाली ते पुष्कळ वेळ भाकरीचं फडकं न सोडता बसून राहिले. ताट घेऊन कुणी आलं नाही.