साहेब आले नव्हते त्या दिवशी

अरुण गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. फोन त्याच्या कारखान्यातल्या एका सोबत्याचा. "अरुणभाऊ गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मी सहज विचारलं, "आज पुन्हा ड्रिल होतं का?" पलीकडून रडणं ऐकू आलं.

सुरतेच्या डिंडोलीत आमची घरं समोरासमोर. अरुण मूळचा खानदेशातल्या पारोळ्याकडचा, हजीऱ्याच्या वाटेवरच्या एका रसायन कारखान्यात कामाला होता. तिथे अधूनमधून आपत्कालीन सराव व्हायचा आणि त्यात वायू नाकात जाऊन बेशुद्ध पडणारा कामगार दर वेळी अरुणच असायचा. अंगाने काटकुळा, त्यामुळे उचलायला हलका. शिवाय आमच्या गणेश मंडळाच्या नाटकांत मरायचं काम हौसेनं मागून घेणारा.

आणि तो सराव तरी काय वर्णावा! साहेबांची गाडी फाटकातून आत आल्याशिवाय भोंगा वाजत नसे. गाडीला उशीर झाला की वायुगळतीलाही उशीर. आग विझवायच्या लाल नळकांड्याला झेंडूची माळ, स्ट्रेचर नुकतंच प्लास्टिकमधून बाहेर काढलेलं. कामगार हसतखेळत बाहेर यायचे, कारण फाटकाजवळ चहा आणि गाठिया असे. मग अरुण कोसळे, चौघे त्याला उचलत, फोटो निघत, साहेब टाळ्या वाजवत आणि सुरक्षिततेवर भाषण ठोकत. मास्कचं कपाट तेवढ्यापुरतं उघडं. एरवी त्याला कुलूप, कारण मास्क चोरीला जातात म्हणे! किल्ली ऑफिसात. माणसांपेक्षा मास्क जिवापाड जपणारी ही मंडळी स्वतःला सुरक्षा समिती म्हणवतात.

अरुणला मात्र या तमाशाचं कोण कौतुक. "मास्तर, आज तोंडातून फेसबी काढला," असं सांगत एकदा तो जिना चढून आला. खायचा सोडा आणि लिंबू तोंडात धरून ठेवलं होतं पठ्ठ्यानं. साहेबांनी पाठ थोपटली म्हणून स्वारी खूश. मी चिडून म्हटलं, त्या लोकांना तू मेलेलाच आवडतोस. त्यावरही तो हसला. मनाचा मोकळा होता, त्याला कुणाचा तिरस्कार करता आला नाही. ते काम मी करतो आहे.

त्या दिवशी वायूच्या नळावरची झडप खरोखर फुटली. जवळ अरुण होता. तो धडपडत बाहेर आला आणि सरावाच्या वेळी पडायचा त्याच जागी पडला, तोंडाला फेस. भोंगा वाजला नाही, कारण तो वाजवायचा हुकूम ऑफिसातून यावा लागे. वास तर त्या आवारात रोजचाच, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. समोर उभ्या असलेल्या सुपरवायझरने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरुणभाई, अब बस करो. साहब आज आए नहीं हैं." दोघे-तिघे हसलेही. कुणीतरी वाकून अंगाला हात लावीपर्यंत उशीर झाला होता. स्ट्रेचर आणायला धावले, तर तेही कुलपात... हसणाऱ्यांवर माझा राग नाही. अरुण पडला की हसायचं, हे त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं गेलं होतं. शिकवणाऱ्यांचं तोंडही पाहू नये असं वाटतं.

शोकसभेत साहेबांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. नंतर जड आवाजात, दिवंगताने मास्क लावला नव्हता, हेही ऐकवलं. निर्लज्जपणाची कमाल पुढेच होती. पुढचा सराव अरुणच्या नावाने होणार, तरी त्याच्या पत्नी सुनीतावहिनींनी प्रमुख पाहुण्या म्हणून यावं, शाल-श्रीफळ देऊ, असा निरोप घेऊन ऑफिसातला माणूस घरी आला. मी तिथेच होतो. वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि त्या शांतपणे आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तो पडना तवय त्याले कोनी उचलं नही. आते माले उचलीसन कोठे बसाडतस?" त्याने पेला खाली ठेवला आणि तो निघून गेला.

सरावाचे जुने व्हिडिओ कारखान्याच्या ग्रुपवरून आता काढून टाकलेत. बरं दिसत नाही म्हणे. एक वहिनींच्या फोनमध्ये राहिला आहे. परवा गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून तोच पाहत होत्या. अरुण पडतो, चौघे त्याला उचलतात, टाळ्या होतात. मग तो डोळे उघडतो, स्ट्रेचरवर उठून बसतो आणि हसत सगळ्यांना नमस्कार करतो. वहिनी तेवढंच मागे घेऊन पुन्हा पुन्हा लावत होत्या.