वैरागहून आलेलं हुलग्याचं पीठ

जर्मनीत मला सगळ्यात जास्त आठवण यायची ती शेंगोळ्यांची. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठात ठेचलेला लसूण, तिखट, जिरं घालून घट्ट मळायचं, तेलाच्या बोटांनी वळायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. लहानपणी आई ती करायला बसली की मी चुलीपुढून हलत नसे. तिकडं मी स्वतः करून बघितली, तर पातेल्यात नुसता लगदा झाला. तोही उभ्या उभ्या खाल्ला.

फोनवर आईला म्हणायचो, "आलो की आधी शेंगोळी कर."

"ये तर खरं," ती म्हणायची. मला तो होकार वाटायचा.

गेल्या वर्षी सुट्टीत सोलापूरला आलो. आई इथं फ्लॅटमध्ये एकटीच राहते. तिनं पुऱ्या केल्या, पुरणपोळ्या केल्या, खपली गव्हाची खीर केली. शेंगोळ्यांचं विचारलं की म्हणायची, "उद्या बघू."

मग गावाहून, वैरागहून, चुलता-चुलती मला भेटायला आले. मी शाळेत जायला लागलो तेव्हाच वडील गेले. आई आणि मी चुलत्यांच्याच घरात राहिलो. चुलतीनं पिठाची पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली.

"घरच्या हुलग्याचं हाय. ल्हानपणी लई आवडीनं खायचास की रं."

मी आईला म्हणालो, "बघ, काकूंच्या ध्यानात आहे!"

आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिनं चहा केला, चुलतीला साडी दिली.

ते गेल्यावर मी पिशवी उघडून वास घेतला. "आज करच."

आई खुर्चीत बसली. "तुजे वडील गेल्यावर त्या घरात गव्हाच्या पोत्याला हात लावायची सोय न्हवती मला. बैलांसाठी हुलगे भरडायचे. त्यातलंच सुपात घालून तुजी काकू माज्याफुडं सारायची. 'तुमा दोघांला एवढं बास की.' तिची पोरं सोप्यात पोळ्या खायची. तू तिकडं बघू नये म्हणून मी लसूण जास्त घालायची. तू मिटक्या मारायचास. मला तुज्याकडं बघवायचं न्हाय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तवा बोलून तुला घेऊन कुटं जाणार हुते? आन् आता बोलून काय हुणार हाय?"

मी पिशवी उचलली. "फेकून देतो."

"अन्न हाय ते. ठेव." तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि पीठ मळायला बसली.

ताट माझ्या एकट्यासाठीच वाढलं. मला शेंगोळी नको होती, नाही म्हणायची हिंमतही नव्हती. पहिला घास घेतला. चव तीच होती, आणि मला ती आवडली. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं. ती उठली आणि गॅलरीत जाऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. मी सगळं संपवलं.

परत निघायच्या आदल्या दिवशी चुलतीचा फोन आला. "पीठ संपलं का? तिकडं न्यायला आणखी पाठवू व्हय?"

माझ्या तोंडात नको ते शब्द आले होते. आईनं मान हलवून बोलू नकोस अशी खूण केली.

"पाठवा की काकू," मी म्हणालो.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बैलांची, पिकाची चौकशी करत बोलत राहिली.