तीन रकाने आणि विहिरीचं पाणी

"बाई, चारशे कार्डं झाली. अजून पाच वर्षांचे खंड राहिलेत."

व्यंकटेश आमच्या सोलापूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. पूर्वी इथलाच विद्यार्थी. मी तिथली लायब्ररियन. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्याच्या विषयावर आधी काय काम झालंय त्याची यादी शनिवारपर्यंत दिली नाही, तर पीएचडीचे गाइड आपल्याकडची त्याची जागा दुसऱ्याला देणार होते. आणि गुरुवार उजाडला होता.

तेव्हा शोध घ्यायचा तो अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्समध्ये. म्हणजे जगभरच्या शोधनिबंधांचे सारांश छापलेले जाडजूड खंड. प्रत्येक सारांशाला नंबर, आणि विषयवार सूचीत त्या नंबरांची रांग. हा पठ्ठ्या 'डाय', म्हणजे रंग, या एकाच शब्दाखालचं सगळं एकेका कार्डावर उतरवत सुटला होता.

मी कार्डं बाजूला सारली. "तुझा प्रश्न एका वाक्यात लिही."

त्यानं लिहिलं : सुती धाग्याच्या रंगाचा अभ्यास.

"हा काय प्रश्न झाला? नेमकं अडलंय कुठं?"

तो घुटमळला. "वडलांचं सूत रंगवायचं काम हाय की. नळाच्या पाण्यात लाल रंग लई झकास येतो. आमच्या विहिरीच्या पाण्यात मळकट येतो, वर हाताला लागतो. वडील जन्मभर विचारतायत, असं का म्हणून."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"घरचं हाय ते, बाई. पीएचडीत कसं लिहायचं?"

मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

कागदावर तीन रकाने पाडले : सूत, रंग, पाणी. प्रत्येकाखाली त्याच गोष्टीची पुस्तकी नावं त्याच्याकडून लिहून घेतली. पाण्याखाली हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा, कॅल्शियम, मॅग्नेशियम. मग ती नावं सूचीत शोधून त्यांचे नंबर त्या त्या रकान्यात मांडायचे, आणि तिन्ही रकान्यांत सापडतील तेवढेच ठेवायचे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सातच नंबर उरले. त्यातले पाच त्याच्या चारशे कार्डांतच होते, गर्दीत हरवलेले.

शनिवारी तो परत आला तो हसतच. गाइडनी ती सात कार्डं पाहून आधी "एवढीच?" म्हटलं, सगळी वाचली आणि विचारलं, "हा प्रश्न सुचला कुठं?"

"आमच्या विहिरीवर, सर," हा म्हणाला. जागा त्याचीच राहिली.

चूक माझीही होती. चार दिवस मी निमूट खंड काढून देत होते, विचारलं काहीच नाही. सोमवारी शोधासाठी येणाऱ्यांकरता एक स्लिप सायक्लोस्टाइल करून घेतली. पहिली ओळ : हे काम घरी कसं सांगाल?

पुष्कळ प्राध्यापक तिथंच अडकायचे.